प्रकरण अकरावं : न उतरणारा आकडा

"कोणी बोलू नका," उल्हासराव म्हणाले, आणि रथसप्तमीच्या सकाळी सगळं घर गप्प झालं.

शीलाताई जेवणाच्या टेबलापाशी बसल्या होत्या. डावा हात टेबलावर, तळवा वर, पाय जमिनीला टेकलेले. दंडाभोवतीचा पट्टा गुरगुरत फुगत होता. उल्हासराव यंत्राकडे असे बघत होते, की जणू पन्नास वर्षांपूर्वी आपण नोकरीला होतो त्या टेलिफोन एक्स्चेंजमधला एखादा दिवा आत्ता लागेल की नाही याची वाट बघताहेत. नात ईशिता जिन्याच्या पायरीवर जांभई अर्धी धरून बसली. मुलगा स्वानंद बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढून आला होता; त्याने एक बूट काढला आणि दुसरा पायातच ठेवून तो थांबला.

पट्टा सुस्कारा टाकून सैल झाला.

"एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली शहाण्णव," उल्हासराव म्हणाले. "चार गोळ्या! चार गोळ्या आणि एकशे अठ्ठ्याहत्तर!"

"बाबा, तुम्ही असे डोळे वटारून बसलात तर माझंसुद्धा वाढेल," मुलगी रुचा म्हणाली. ती आदल्या संध्याकाळी मॉन्ट्रियलहून आली होती, सणाला म्हणून. पण बॅग मोठी होती आणि ती का मोठी आहे हे अजून कोणी विचारलं नव्हतं.

उल्हासरावांनी आकडा वहीत लिहिला आणि फ्रीजवर लावलेल्या आलेखावर लाल टिंब दिलं. आलेख जुलैपासूनचा होता आणि ऑगस्टपासून टिंबं चढत गेली होती. त्यावर दोन काळ्या फुल्या होत्या, एक सप्टेंबरात, एक नोव्हेंबरात. दोन्ही वेळा शीलाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि दोन्ही वेळा आदल्या तपासणीत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी प्रेशर बघून मान हलवली होती. आता तिसरी तपासणी साडेतीन आठवड्यांवर आली होती. वरचा आकडा एकशे साठच्या आत आला नाही, तर नाव यादीच्या तळाशी, म्हणजे आणखी वर्षभर. देवघर वरच्या मजल्यावर. शीलाताई रोज पहाटे चौदा पायऱ्या बसून, एकेक करत, मागे सरकत चढायच्या. ईशिता त्याला आजीची लिफ्ट म्हणायची. आता आजी मध्ये दोनदा थांबू लागली होती, आणि ईशितानं ते म्हणणं सोडून दिलं होतं.

"मीठ," उल्हासराव म्हणाले. "कुठून तरी मीठ येतंय."

उत्कर्षा ओट्याशी पाठमोरी उभी होती. कुठून तरी म्हणजे कुठून, हे या घरातल्या सुनेला समजावून सांगावं लागत नाही. सहा महिने ती आळणी आमटी करत होती. मिठाचा डबा सासऱ्यांनी आपल्या कपाटात ठेवला होता आणि रोज सकाळी ते वजनकाट्यावर चिमूटभर मोजून वाटीत काढून द्यायचे. मंडळाच्या संक्रांतीला लोकांनी तिच्या भाजीचं कौतुक केलं तेव्हा तिला आधी खोटंच वाटलं, मग आठवलं की त्या दिवशी डबा उघडा राहिला होता.

"बाबा, वाटीत तुम्हीच देता तेवढंच घालते मी."

"मी तुला नाही म्हणत गं. मी सिस्टीममध्ये लीक आहे म्हणतोय."

"लीक सापडलं," रुचा म्हणाली. तिने खुंटीवरच्या स्वानंदच्या जॅकेटमधून किल्ली काढायला हात घातला होता. बाहेर आला तो मूठभर कागदी पुड्या घेऊन, फूड कोर्टात चिप्सबरोबर मिळतात तशा. मिठाच्या.

स्वानंद एका बुटावर उभाच होता.

"ते… माझ्यासाठी आहेत. डब्यावर घालायला. ऑफिसात."

"बायकोच्या हातच्या जेवणावर, चोरून?" रुचाला फार आनंद झाला होता. "उत्कर्षा, बघ गं!"

"कधीपासून?" उत्कर्षाने विचारलं.

"ऑगस्टपासून."

"आणि रोज घरी येऊन म्हणायचास, 'सवय झाली, आता छान लागतं.'"

शीलाताई पट्टा सोडवता सोडवता हसल्या. हसताना त्यांचा आवाज फुटला आणि ठसका लागला. "राहू दे गं, लपवलं ते तुला वाईट वाटू नये म्हणून," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "याच्या बाबांनी तर मला पन्नास वर्षं 'आळणी झालंय' म्हणून तोंडावर सांगितलं." मग खुर्चीचा आधार घेऊन उठल्या. "मला वर जायचंय. आज अजून बारा आवर्तनं राहिलीत, आणि दूध सूर्य खिडकीत यायच्या आत ठेवायचंय."

*

देवघर म्हणजे पूर्वीचं कपड्यांचं कपाट. दार काढून टाकलेलं, आत चौरंग, समई, देव, आणि वर स्वानंदनं बसवलेला छोटा दिवा. रुचा उंबरठ्याशी बसली. पायऱ्या चढताना आईच्या कपाळावर आलेला घाम तिने मागून पाहिला होता, आणि बॅगेविषयी आता बोलायला हवं होतं.

"आई, माझ्याकडे चल. तुझे कपडे मावतील म्हणून मोठी बॅग आणलीय. एका मजल्याचा काँडो आहे. लिफ्ट आहे. जिना नाही. ऑपरेशन झालं नाही तरी तुझं चालेल."

शीलाताईंनी वात सारखी केली. "इथे काय वाईट आहे?"

"इथे बाबा दिवसातून सहा वेळा पट्टा बांधतात. उत्कर्षा तोंड पाडून असते. स्वानंद मीठ लपवतो. कोणाचंही चढेल. डॉक्टर म्हणाले ना, ताण."

"डॉक्टरांना काही सापडलं नाही, की ते ताण म्हणतात. आता परत कुठल्याशा ग्रंथीचं स्कॅन करणार आहेत. पोटॅशियम कमी आहे म्हणे. रोज त्याची गोळी आणि वर तीन केळी खातेय मी." त्या थांबल्या, घसा खाकरला. "नेम इथे सुरू केलाय. ही जागा सोडून मध्येच कशी येऊ?"

रुचाला नेमाचं माहीत होतं, पण सगळं नाही. आषाढी एकादशीला आईने संकल्प सोडला होता: प्रेशर उतरावं आणि ऑपरेशन पार पडावं म्हणून रोज स्तोत्राची अकरा आवर्तनं, मोठ्याने, शब्द न गाळता. तेव्हा एका गोळीवर एकशे अठ्ठेचाळीस असायचं.

"अकरा ना? मग बारा राहिलीत कशी म्हणालीस?"

"सप्टेंबरात ऑपरेशन पुढे गेलं तेव्हा एकवीस केली. नोव्हेंबरात गेलं तेव्हा तेहतीस." शीलाताई जरा लाजल्या, कोणी चोरून लाडू खाताना पकडावं तशा. "कमी पडत असेल माझं."

"तेहतीस, मोठ्याने! म्हणून घसा असा झालाय?"

"त्यावर उपाय आहे." त्यांनी समईमागून बरणी पुढे घेतली. पिवळसर पूड. बरणीवर उल्हासरावांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: 'शीला – घसा'. "ज्येष्ठमध. काड्या ते इंडियन ग्रोसरीतून आणतात. बेसमेंटमध्ये कुटतात, फडक्यातून चाळतात. एक कण खरखरत नाही बघ. अकरा आवर्तनं झाली की चमचाभर."

रुचा एकदम उठली. "अगं, मीपण तेच आणलंय तुला! पाकिटावर काडीचं चित्र बघून ओळखलं, चव घेतली, तर अगदी ज्येष्ठमध! चहा आहे. आज दुधाबरोबर करू."

शीलाताईंचा चेहरा खुलला. लेक घशाची आठवण ठेवून दुकानात थांबली, याचंच त्यांना जास्त. मॉन्ट्रियलचा विषय तेवढ्यापुरता बाजूला पडला.

*

रथसप्तमीला बोळक्यात दूध तापवून उतू घालवायचं, सूर्याला. अंगणात गोवऱ्यांवर करायची ती गोष्ट. इथे अंगण उणे बावीसमध्ये मांडीएवढ्या बर्फाखाली होतं. म्हणून मागच्या काचेच्या दारापाशी, जिथे पूर्वेचं ऊन फरशीवर येतं, तिथे विजेची छोटी शेगडी आणि तिच्यावर मातीचं बोळकं. पुढे रांगोळीचा रथ. त्याला ईशितानं चुकून पाच चाकं काढली होती आणि आजीने पाचवं चाक ठेवलं होतं, विंटर टायर म्हणून. स्मोक अलार्मच्या खाली स्वानंद पंचा घेऊन वारा घालायला उभा. मागच्या वर्षी फायर ब्रिगेड येता येता राहिली होती.

"दूध उतू जाऊ द्यायचं, शीला. प्रेशर नाही," उल्हासराव म्हणाले.

"तुमचा विनोद दर वर्षी वाढतोय. त्यालाही गोळी असेल का, विचारा डॉक्टरांना."

उत्कर्षा ओट्याशी रुचाने आणलेला चहा करायला गेली. किती मिनिटं ठेवायचा ते बघायला तिने खोका हातात घेतला. वर फ्रेंच. एवढ्या वर्षांत रुचाला डोळे आपोआप त्याच बाजूला नेण्याची सवय लागली होती, उत्कर्षाला नव्हती. तिने खोका फिरवला. कॅनडात सगळ्या खोक्यांना दुसरी, इंग्रजी बाजू असते.

"रुचाताई, हा कसला चहा म्हणालात?"

"रेग्लीस. म्हणजे आपलं ज्येष्ठमध."

"इथे लिहिलंय लिकरिश."

"लिकरिश? ती ईशिता लहानपणी चघळायची ती काळी दोरी? छे, छे."

"लिकरिश रूट," उत्कर्षाने वाचलं. काडीचं चित्र, तीच पिवळी काडी. मग खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात, आणखी एक ओळ होती. ती तिने मनात वाचली. परत वाचली. मग ती गॅसजवळचा कप तसाच सोडून काचेच्या दाराशी आली आणि तिने खोका सासऱ्यांच्या हातात दिला.

उल्हासरावांनी चष्मा कपाळावर केला, खोका नाकाशी नेला.

उच्च रक्तदाब असल्यास घेऊ नये. पोटॅशियम कमी असल्यास घेऊ नये.

ते बराच वेळ वाचत राहिले. एवढा वेळ लागण्याइतकं तिथे लिहिलेलं नव्हतं.

नोव्हेंबरात प्रेशरच्या स्पेशालिस्टबाईंनी यादी घेऊन एकेक विचारलं होतं. दुखण्याच्या गोळ्या? नाही. सर्दीच्या? नाही. काढे, जडीबुटी? आम्ही सायन्सवाली माणसं, डॉक्टर. लिकरिश? आणि ते खुर्चीत पुढे सरकून मोठ्या अभिमानाने म्हणाले होते, "नेव्हर! माय वाइफ डझ नॉट टच कँडी." शीलानेही शेजारून मान हलवली होती. त्यात जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांची हाडं, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं तेव्हापासून ती दोरी या घरात देवघराच्या मजल्यावरसुद्धा जाऊ दिली जात नसे.

"वेट," ईशिता म्हणाली. "आजी, दॅट येलो पावडर? यू'व्ह बीन ईटिंग लिकरिश? एव्हरी डे?"

"मी नाही गं खात तसलं. जिलेटिन असतं त्यात."

"नो, आजी, द प्लांट! इट्स द सेम प्लांट!"

शीलाताईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणीच हसत नव्हतं, तेव्हा त्यांना कळलं.

नेमकं तेव्हाच दूध उतू गेलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. स्वानंदच्या हातातला पंचा थांबला होता. शेगडीवर चर्र झालं, धूर वर गेला आणि अलार्म कर्कश कोकलायला लागला.

"कुठल्या दिशेला गेलं?" त्या गोंधळात शीलाताईंनी आधी तेच विचारलं.

"पूर्वेला, आई, पूर्वेला!" स्वानंद पंचा फिरवत ओरडला. खरं तर चारी बाजूंनी गेलं होतं.

*

कोपऱ्यावरची फार्मसी रविवारी उघडी असते. उत्कर्षाने फोन स्पीकरवर ठेवला. फार्मासिस्टने शांतपणे विचारलं, रोज साधारण किती?

"तीन टीस्पून," उल्हासराव म्हणाले. मग खरं बोलायचा स्वभाव असल्यामुळे, "शीग भरून."

पलीकडून फक्त, "ओह, डियर."

पूड आजच बंद. गोळ्या मात्र आपल्या मनाने एकही सोडायची नाही, पोटॅशियमचीसुद्धा नाही. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगायचं, कारण पूड थांबली की आकडे हलतील आणि गोळ्या त्यांनाच बदलाव्या लागतील. हे एकच कारण आहे असं तो फोनवर सांगू शकत नाही. असलं तर उतरायला दोन-तीन आठवडे. कदाचित जास्त.

साडेतीन आठवडे, असा हिशेब सगळ्यांनी मनात केला आणि मोठ्याने कोणी केला नाही.

उल्हासराव फ्रीजपाशी गेले. आलेखावर बोट ठेवून मागे मागे गेले. पहिली काडी कधी कुटली ते त्यांना पक्कं आठवत होतं, गोकुळअष्टमीच्या आदल्या दिवशी. बोट तिथे थांबलं. तिथूनच रेघ वळली होती. मग तेहतीस आवर्तनं, तीन चमचे. ते वळले तेव्हा एकदम म्हातारे दिसत होते.

"प्रेशर वाढलं की तू आवर्तनं वाढवायचीस. आवर्तनं वाढली की घसा बसायचा. घसा बसला की मी पूड द्यायचो. पूड दिली की प्रेशर…" त्यांनी हवेत बोटाने गोल काढला, परत काढला. "लूप. साधं लूप, शीला. ट्रेनी पोरानं ओळखलं असतं. आणि मी सहा महिने मीठ मोजत बसलो."

ते आपल्या खोलीत गेले आणि मिठाचा डबा घेऊन आले. दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो उत्कर्षासमोर ओट्यावर ठेवला.

"हा तुझा. मी चुकलो."

उत्कर्षाने डबा जवळ ओढला. सासऱ्यांना असं उभं बघवत नव्हतं. "मीठ कमीच ठेवू या, बाबा," ती म्हणाली. "फक्त काटा मला नको. काटा तुम्ही पोस्टाच्या पाकिटांना ठेवा." मग नवऱ्याकडे वळून, "आणि त्या पुड्या इकडे दे. सगळ्या. कारमधल्यासुद्धा."

"कारमधल्या तुला कशा माहीत?"

"आत्ता कळल्या."

शीलाताई ऊन पडलेल्या खुर्चीत बसून होत्या. त्यांना राग येत नव्हता. आली होती ती शरम, आणि तिच्या खाली कुठेतरी हसू. पहाटे उठून, न्हाऊन, घसा फाडून त्या देवाला म्हणत होत्या, खाली आण, खाली आण. आणि दिवसातून तीनदा स्वतःच चमच्याने वर ढकलत होत्या. त्या बिचाऱ्याने कुठल्या बाजूने धरायचं?

"अहो," त्यांनी हाक मारली. "इकडे या. बसा. बावन्न वर्षांत तुम्ही माझ्यासाठी स्वयंपाकातलं एवढं एकच काम मन लावून केलंत."

"आणि तेच विष निघालं."

"विष कसलं? पूड फार बारीक होती. असली बारीक पूड माझ्या आईलाही जमायची नाही." त्यांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. खलबत्त्याने तळव्याला पडलेला घट्टा त्यांना आजच हाताला लागला. "मी मान हलवली होती ना शेजारून? मग अर्धं माझं."

थोड्या वेळाने त्या जिन्याकडे बघू लागल्या. रुचाने ते पाहिलं.

"आई, नाही. आज आता मोठ्याने नाही. पूड नाही, तर घसा उद्या पुरता जाईल."

"बारा राहिलीत. शब्द दिलाय."

"संकल्प किती आवर्तनांचा केला होता, आई?" हे उत्कर्षाने विचारलं. "सोडताना, आषाढीला?"

"अकरा."

"अकरा सकाळीच झाली. वरची तुम्ही देवाला न विचारता वाढवलीत."

रुचाने वहिनीकडे पाहिलं. काल रात्रीपासून पहिल्यांदा दोघी एका बाजूला होत्या. "बरोबर. आणि मोठ्याने म्हणायची असं ठरलंय ना? कोणाच्या तोंडाने, हे कुठे ठरलंय?"

हा मुद्दा शीलाताईंनी खरंच ठरवला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, आणि ज्याला विचारायचं त्याला विचारून आल्यासारख्या थोड्या वेळाने उघडले. "अकरा मी हळू आवाजात म्हणेन. जिना चढून. तेवढं माझं. वरची घातलीच आहेत, तर ती तुम्ही म्हणा, मी ऐकेन. ऐकणं हीसुद्धा सेवाच आहे."

"आय कॅन रीड इट इफ समबडी टाइप्स इट इन इंग्लिश लेटर्स," ईशिता म्हणाली.

"मी रोज रात्री मॉन्ट्रियलहून फोनवर म्हणेन," रुचा म्हणाली. बॅगेचा विषय तिने अशा रीतीने, कोणाच्या लक्षात येऊ न देता, मिटवून टाकला.

"मी पाच घेतो," उल्हासराव म्हणाले.

"तुम्ही?" शीलाताईंनी भुवया उंचावल्या. "तुमच्या तोंडात पोटफोड्या ष कधी उगवलाय?"

तरी ते बसले. पोथी उन्हात धरली, घसा साफ केला, आणि पहिल्याच ओळीला समासात अडकले. शीलाताईंच्या दंडाला आज बाबांऐवजी स्वानंदने पट्टा बांधला होता. दुसऱ्या ओळीला त्यांचा हात दुरुस्तीसाठी वर उठला.

"हात हलवू नकोस," उल्हासराव पोथीतून वर न बघता म्हणाले. "रीडिंग चुकेल."

"तुम्ही उच्चार चुकवू नका. माझं आपोआप उतरेल."

*

साडेतीन आठवड्यांनी, हॉस्पिटलच्या त्याच खोलीत, त्याच निळ्या खुर्चीत शीलाताई बसल्या. डॉक्टरांनी मध्ये एक गोळी काढली होती, एक निम्मी केली होती, पोटॅशियमची थांबवली होती. स्कॅन पुढे ढकलून स्पेशालिस्टबाई 'बघू' म्हणाल्या होत्या. घरचा आलेख उतरत होता, पण घरच्या आलेखावर इथे कोणी ऑपरेशन करत नाही. उल्हासरावांना ईशितानं बजावून दाराबाहेर उभं केलं होतं; दाराच्या काचेत त्यांचं नाक तेवढं दिसत होतं.

पट्टा फुगला. शीलाताईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पट्टा सैल झाला.

"वन थर्टी-एट ओव्हर एटी-टू," नर्स म्हणाली. "लव्हली."

काचेतलं नाक दिसेनासं झालं. बाहेर कोणीतरी जोरात नाक शिंकरलं.

नर्सने फॉर्म पुढे ओढला आणि एकेक विचारू लागली. सिगरेट? दारू? वेदनाशामक? शीलाताई प्रत्येकाला नाही म्हणत गेल्या.

"एनी लिकरिश?"

शीलाताई थांबल्या. मग आपल्या नीटस, हळू इंग्रजीत, एकही शब्द न गाळता त्यांनी सांगितलं:

"आता नाही. आधी खायचे. पण मराठीत."